नवी पाटी बसली

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, "गाडीचे कागद झाले का?" म्हणून तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. झाले. परवा नवी नंबरप्लेट बसली. सगळं नीट सांगायचं म्हणून आज लिहायलाच बसले.

बेलफास्ट ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडात, डंडॉक आयर्लंड देशात. येताना देश बदलतो, पण रस्त्यावर ना चौकी, ना फाटक. न्यूरी मागं पडलं की वेगाच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरच्या होतात, कडेची पांढरी रेघ पिवळी होते आणि गावाचं नाव वर आयरिश, खाली इंग्रजी असं दिसायला लागतं. पहिल्या दिवशी मला कोगनोळीच आठवली. दूधगंगा ओलांडून महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरलं की पाट्यांवरची अक्षरं बदलतात, माणसं तीच. कागलात आत्या, निपाणीत आपण. इथली सरहद १९२१ सालची. पूर्वी या रस्त्यावर लष्कराच्या चौक्या होत्या, १९९८ च्या शांतता करारानंतर त्या गेल्या.

गाडीला मात्र सरहद लागतेच. राहायला आल्यावर सात दिवसांत तपासणीची वेळ घ्यायची, तीस दिवसांत नोंदणी पुरी करायची. नोंदणीचा कर भारी असतो. गाडीची इथल्या बाजारातली किंमत आणि तिचा धूर, दोन्हींवर तो बसतो. घर हलवून येणाऱ्याला तो माफ होतो, पण गाडी त्याआधी निदान सहा महिने आपल्या नावावर आणि वापरात होती हे दाखवावं लागतं. बेलफास्टच्या खोलीचा भाडेकरार, विजेची बिलं, नोकरीचं पत्र, गाडीची पावती, विमा, सगळं जोडलं. एक बिल राहिलं म्हणून अर्ज परत आला, तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही. दिवस सरत होते आणि माफी मिळाली नसती तर साठवलेले सगळे पैसे त्यात गेले असते. ते बिल सापडलं तुमच्यामुळं. दरमहा बिल भरलं की त्याच दिवशी फायलीला लावायचं, ही सवय तुम्ही लावलीत. आता वर्षभर गाडी विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, एवढी अट आहे.

तपासणीत चॅसी नंबर बघितला, मीटर बघितला, पंधरा-वीस मिनिटांत नंबर हातात. तीन दिवसांच्या आत पाटी लावायची असते. ती स्पेअर पार्टच्या दुकानात करून मिळाली. जुन्या नंबरावरून गाडी किती सालची ते कळत नव्हतं. इथं सुरुवातच सालानं होते: १९१, म्हणजे २०१९ चे पहिले सहा महिने. पुढं एलएच, हा लाउथ जिल्हा. आणि वर बारीक अक्षरांत जिल्ह्याचं आयरिश नाव, 'लू'. बाबा, रोज आयरिश बोलणारे इथं थोडेच, पण देशातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या पाटीवर ते नाव असतंच. दुकानाबाहेर मी ती पाटी हातात घेऊन बराच वेळ उभी होते. तुम्ही शेजारी असायला हवे होतात.

आई, मी पाटीला हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबूही ठेवलं. नारळ मिळाला, तो दारात फोडला.

आता बाबा, तुमच्या मारुतीचं. रागावू नका. कोल्हापूरहून रिटायर होऊन तुम्हाला निपाणीत येऊन सहा वर्षं झाली आणि गाडी अजून एमएच-०९ आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही का घेत नाही, तेही मला माहीत आहे. १ नोव्हेंबरला काळी फीत लावून मला खांद्यावर घेतलं होतंत, ते मी विसरलेले नाही. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि तुम्ही अडुसष्टाव्या वर्षी आईला दवाखान्यात नेताना तवंदी घाटात अडवले जाता. मागच्या वेळी तासभर उन्हात उभं केलं, हे मला आईकडून कळलं, तुमच्याकडून नाही. त्या दिवसापासून गाडी बाहेर काढलीत म्हटलं की माझा जीव खालीवर होतो.

काम अवघड नाही. कोल्हापूरच्या आरटीओतून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यायची, मग चिकोडीला फॉर्म २७ देऊन केए-२३ चा नंबर. कर्नाटकाचा कर गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा आणि महाराष्ट्राला भरलेल्यातला उरलेला परत मागायचा. परत मिळायला वेळ लागेल. तोवर कर्नाटकाचा कर मी भरते, त्यावर वाद नको.

डिसेंबरात तीन आठवडे येते आहे. कोल्हापूरला आपण दोघं जाऊ, गाडी मी चालवीन. तोवर आरसी, विमा आणि गाडी घेतल्याची मूळ पावती काढून ठेवा. पावती बहुतेक लोखंडी कपाटात वरच्या खणात, आईच्या लग्नाच्या शालूखाली आहे. आणि जुनी पाटी भंगारात देऊ नका. ती मला हवी आहे.

तुमची,
ताई