पेन्सिलीने काढलेली खुकरी

आदरणीय काका,

तुम्ही गेलात आणि आई कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसली. रात्री जेवताना मामाबद्दल बोलली, पहिल्यांदाच न रडता. समोर आभार मानायला गेलो तर मला बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र.

९ डिसेंबर १९७१ ला मामा नौदलाच्या युद्धनौकेवर, आयएनएस खुकरीवर होता. घरी तार आली, एवढंच. आईला पैसे नको होते, पदक नको होतं. तिला विचारायचं होतं, दादा शेवटी कुठे होता, आणि जहाज बुडताना साहेब लोक आधी निघून गेले का? गावात कुणीतरी तेव्हा तसं बोललं होतं, ते तिच्या मनात चोपन्न वर्षं सलत राहिलं. एका कार्यालयात तिला चार टेबलं फिरवून शेवटी ऐकवलं, "एवढं जुनं उकरून आता काय मिळणार, आजी?" ती पायरीवर बसून राहिली होती. ते मी विसरणार नाही.

तुम्ही खुकरीवर नव्हता, पण त्याच बांधणीच्या जहाजावर नोकरी केलेली. तुम्ही तिला आधी काहीच सांगितलं नाही. कॅलेंडरचं पान उलटं करून पेन्सिलीने जहाज काढलंत. खाली एक चौकोन. "ताई, बॉयलर रूम इथे. तुमच्या दादाची ड्युटी इथे." मग वर दुसरा चौकोन. "हा ब्रिज, इथून जहाज चालवतात. कॅप्टन मुल्ला इथे." आणि आईचं बोट धरून खालून वरपर्यंत नेलंत. "जहाज एकच होतं, ताई."

मग सगळं सांगितलंत. महेंद्रनाथ मुल्ला, गोरखपूरचे, जन्म १९२६ चा. पाकिस्तानी पाणबुडीच्या मागावर खुकरी दीवजवळच्या समुद्रात गेलेली, आणि त्याच पाणबुडीने, हंगोरने, रात्री टॉर्पेडो मारला. जहाज काही मिनिटांत गेलं. तेवढ्या वेळात हा माणूस शांतपणे पोरांना बाहेर काढत होता. स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं. आणखी कुणाला वाचवता येईल का, ते बघायला परत ब्रिजवर गेले आणि जहाजाबरोबर गेले. एकूण १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

आईने एवढंच विचारलं, "म्हणजे साहेब तिथेच राहिले?" तुम्ही "हो" म्हणालात आणि गप्प बसलात. तुमचा चहा गार झाला. घाई नाही, समजूत घालणं नाही. काका, ते गप्प बसणं आमच्यासाठी फार मोठं होतं. ज्याच्याकडे द्यायला काही नाही असा माणूससुद्धा समोरच्याला माणसासारखं वागवू शकतो. त्या चार टेबलांवर एकालाही हे जमलं नाही, आणि तुम्ही तर दोन बस बदलून आला होतात.

कागद लॅमिनेट करून आणतो म्हटलं तर आई देत नाही. बोट लावता आलं पाहिजे, म्हणते. रोज सकाळी लावते. बॉयलर रूमची रेघ आताच पुसट झाली आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा पेन्सिल घेऊन या.

तुमचा,
ताईंचा मुलगा