एका वॉर्डातले दोन इराक

एर्बिल, इराकी कुर्दिस्तान, २४ मार्च

तीर्थरूप दादा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कुर्दही मुसलमान, अरबही मुसलमान, मग इतकी वर्षं भांडण कशाचं?" तेवढ्यात लाइन गेली आणि उत्तर राहून गेलं. आज सुट्टी आहे, नवरोजची गडबडही आटोपली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

भांडण धर्माचं नाहीच. देश कुणाच्या नावाचा, याचं आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी तुर्कांचे बसरा, बगदाद आणि मोसूल हे तीन प्रांत जोडून इराक उभा केला. त्या युद्धात आपलीही माणसं खपली. १९१६ च्या एप्रिलमध्ये इथल्याच कूत गावात तुर्कांना शरण गेलेली फौज म्हणजे पुणे डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणी होत्या. १९२० च्या सेव्र तहात कुर्दांना स्वतंत्र राज्याची आशा दाखवली होती. १९२३ च्या लोझान तहात तिचा उल्लेखही उरला नाही. कुर्द लोक तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरियात वाटले गेले.

पुढे बगदादमध्ये सद्दामच्या बाथ पक्षाची सत्ता आली. इराक हा अरब राष्ट्राचा भाग, ही त्यांची धारणा. म्हणजे ज्याची मायबोली अरबी नाही तो स्वतःच्याच गावात उपरा. किर्कुकमधून कुर्द कुटुंबं हुसकावली आणि तिथं अरब आणून वसवले, कारण किर्कुकच्या जमिनीखाली तेल आहे. निपाणीला आत्याकडं सीमाभागाचा विषय निघाला की तुमचा आवाज कसा चढतो ते आठवा. किर्कुक हा तसाच सीमाप्रश्न, पण रणगाड्यांनी आणि रक्तानं भरलेला. किर्कुक कुणाकडं हे ठरवणाऱ्या सार्वमताला २००५ च्या घटनेनं २००७ अखेरची मुदत घातली होती. ते आजवर झालेलं नाही.

१६ मार्च १९८८ ला सद्दामच्या फौजेनं हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू टाकला, पाच हजारांच्या आसपास माणसं मेली, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याच वर्षीची कुर्दांविरुद्धची अनफाल मोहीम आपल्याकडं फारशी कुणाला माहीत नाही. हजारो गावं पाडली, लोक परतू नयेत म्हणून पाण्याचे झरेसुद्धा सिमेंटनं बुजवले. आमच्या वॉर्डातल्या मावशी गरमियान भागातल्या. त्यांचे वडील आणि दोन भाऊ लष्करानं ट्रकमध्ये भरून नेले, ते परत आलेच नाहीत. २०१९ मध्ये दक्षिणेत समावाच्या वाळवंटात एक सामूहिक दफनभूमी उकरली, तेव्हा कुर्दी कपड्यांतल्या बायकामुलांचे सांगाडे निघाले. तेव्हापासून अशी बातमी आली की मावशी टीव्हीसमोरून हलत नाहीत. त्यांच्या आईनं शेवटपर्यंत फातिहा, म्हणजे मेलेल्यांसाठीची प्रार्थना, पढू दिला नाही. मेल्याची खात्री नाही तर पढायचा कसा?

हे सगळं ऐकल्यावर १९९१ च्या सद्दामविरुद्धच्या उठावानंतर इथं जे स्वायत्त कुर्दिस्तान उभं राहिलं त्याची किंमत कळते. स्वतःची संसद, शाळा कुर्दीतून, दुकानांच्या पाट्या कुर्दीत. तुम्ही शाळकरी वयात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला होतात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

पण दादा, मला काळजी वाटते ती यापुढच्या गोष्टीची. आमच्या डायलिसिस वॉर्डात २०१४ ला मोसूल दाएशच्या, म्हणजे इसिसच्या, हाती पडलं तेव्हा पळून आलेले एक अरब आजोबा येतात. त्यांना कुर्दी येत नाही. आमची तरुण सिस्टर इथंच जन्मली, इथंच शिकली. शाळेत अरबी एक विषय होता, पण तिला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत. इंग्रजी मात्र फाडफाड. आजोबांना पोटरीत गोळे येतात, ते कळवळतात आणि हिला कळत नाही. मग सौदीत शिकलेल्या माझ्या मोडक्यातोडक्या अरबीवर काम भागवायचं. एका देशाची दोन माणसं आणि मधे दुभाषी सातारची!

त्यांच्याच शेजारच्या बेडवर एक म्हातारे पेशमेर्गा, म्हणजे कुर्द लढवय्ये, असतात. आयुष्यभर बगदादच्या फौजेशी लढले, पण त्यांची अरबी अस्खलित. या दोघांच्या चार तास गप्पा चालतात. मोसूलवाले गुपचूप खजूर खातात, पोटॅशियम वाढतं म्हणून पेशमेर्गा त्यांच्यावर ओरडतात. एकदा जुंपली ती धर्मयुद्धांतल्या सुलतान सलाहुद्दीनवरून. एक म्हणे आमचा, दुसरा म्हणे आमचा. तो घराण्यानं कुर्द, जन्मला तिकरीतला, राज्य केलं इजिप्त-सीरियावर. त्याच्या काळात हा प्रश्नच कुणाला पडला नसता. भांडून झाल्यावर दोघांनी एकमेकांच्या नातवंडांची चौकशी केली.

तरुण सिस्टरला मी म्हटलं, थोडी अरबी शीक. ती ताडकन म्हणाली, "ते इथं राहतात, त्यांनी कुर्दी शिकावी." मराठी माणसाला हे वाक्य परकं नाही, त्यामुळे क्षणभर मी गप्पच झाले. तिचा राग खोटा नाही. पण तो राग एका राजवटीवरचा आहे, आणि तो निघतो मोसूलच्या हमालावर, पेशंटवर. ज्यांनी मावशींची माणसं नेली ते वेगळे, आणि दाएशच्या भीतीनं घरदार सोडून आलेले वेगळे. हे तिला मी सांगितलं. पटलं असं वाटत नाही.

आणि राष्ट्राच्या नावानं सगळं झाकताही येत नाही. ३१ ऑगस्ट १९९६ ला एका कुर्द पक्षानं दुसऱ्याला हरवायला सद्दामचेच रणगाडे एर्बिलमध्ये आणले. मावशी हे फार हळू आवाजात सांगतात. २०१७ च्या २५ सप्टेंबरला इथल्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूनं जवळजवळ ९३ टक्के मतं पडली. महिन्याच्या आत किर्कुक बगदादच्या फौजेकडं गेलं आणि इथली आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. आता भांडण तेलाच्या पैशांचं. त्या ओढाताणीत तुमच्यासारख्या शिक्षकांचे पगार महिनोन्महिने थकतात. मराठी शाळेचा मास्तर बिनपगारी राहिला असता तर तुम्ही आधी मुंबईला जाब विचारला असता की दिल्लीला? इथं दोन्हीकडं विचारायची सोय नाही.

माझं मत असं झालंय की कुर्दी शाळा हव्यातच, त्यावर कुणी बोट ठेवू नये. पण त्याच शाळेत अरबी नीट शिकवली पाहिजे आणि बगदादच्या मुलांनाही कुर्दी शिकवली पाहिजे. दोन्ही भाषा घटनेत अधिकृत आहेतच. हे दोन म्हातारे गेले की त्या दोन खाटांमधलं बोलणं कोण चालू ठेवणार, याची मला खरोखर धास्ती आहे. तुम्ही चाळीस वर्षं वर्गात उभे राहिलात, तुम्हाला काय वाटतं ते पुढच्या फोनला सांगा.

आईचा गुडघा आता कसा आहे? बीपीची गोळी चुकवू नका. पैसे पाठवलेत, विहिरीच्या मोटारीचं काम आधी करून घ्या. निपाणीच्या आत्याला माझा नमस्कार.

तुमची
लेक