माझं लिव्हर वाढलं, भावाचं का वाढलं नाही?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

तीन वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाला लिव्हरचा उजवा भाग दिला. तीन महिन्यांनी सीटी स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "ताई, उरलेलं जवळजवळ भरून आलंय." भावाचं स्वतःचं लिव्हर मात्र हिपॅटायटिस बीमुळे गाठीगाठींचं, दगडासारखं झालं होतं. एकाच आईची लेकरं, अवयव तोच. मग हे का, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे.

1931 मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी प्रयोगातल्या उंदरांचं दोन-तृतीयांश यकृत काढलं. थोड्याच दिवसांत ते पुन्हा भरलं. हे काम मुख्यतः मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी बनू शकतात अशा पेशी) करत नाहीत. एरवी शांत असणाऱ्या यकृतपेशीच पुन्हा विभागू लागतात. त्या थकल्या, तरच पित्तनलिकांकडच्या पेशी मदतीला येतात. पण इजा वर्षानुवर्षं चालली, तर दुसऱ्याच पेशी कोलॅजनचे, म्हणजे व्रणासारखे कडक धागे विणत राहतात आणि वाढीला जागाच उरत नाही. अशा लिव्हरमध्ये नुसत्या मूलपेशी सोडणं म्हणजे कातळावर पेरणी.

भाऊ प्रत्यारोपणाच्या यादीत असताना आम्ही तीच पेरणी विकत घेतली. एका खासगी केंद्राने "स्टेम सेलने लिव्हर नवं होईल" असं सांगून चार इंजेक्शनांचे साडेसहा लाख घेतले. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या. पोटात पाणी होणं थांबलं नाही. पैशांपेक्षा मला ते पाच महिने जास्त सलतात, कारण ते फुकट गेले नसते तर शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्या अंगात जरा ताकद असती.

ब्रिटनमध्ये सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर असंच कडक झालेल्या, 81 रुग्णांवर नीट चाचणी झाली. काहींना त्यांच्याच रक्तातल्या मूलपेशी दिल्या. 2018 मध्ये निकाल आला: फायदा नाही. तिथे रुग्णांना खोटी आशा विकली गेली नाही आणि पुढच्या संशोधकांना एक वाट बंद असल्याचं कळलं. आमच्या साडेसहा लाखांतून कुणालाच काही कळलं नाही. ना आधीची नोंद, ना नंतरची.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच व्हावा. रुग्णालयांची नोंदणी राज्यात होते. लिव्हरसाठी स्टेम सेलची पाटी लावणाऱ्या प्रत्येक केंद्राकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. नसेल तर ती पाटी उतरवा. एवढं आपल्या हातात नक्की आहे.

दुसरी मागणी संशोधनाची. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, मुंबई-पुण्यात प्रत्यारोपणं होतात. काढलेलं रोगट लिव्हर हे त्या आजाराचं सगळ्यात खरं पुस्तक. वाढ कुठे अडली, कोणत्या पेशी अजून जिवंत होत्या, हे त्यातच वाचता येईल. प्रत्यारोपणाच्या संमतीपत्रात प्रत्येक ठिकाणी एक ओळ असू द्या, "काढलेला अवयव संशोधनासाठी देण्यास माझी संमती आहे", आणि ते ऊतक जपायला सरकारी महाविद्यालयांना निधी द्या.

आम्हाला तसं कुणी विचारलं नाही. भावाने लगेच सही केली असती.

आपली नम्र,
लिव्हर देणारी एक बहीण