जामीनदार मित्राला वेळेवर कळवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारच्या निमित्ताने मैत्रीविषयी बरेच लेख वाचायला मिळाले. मैत्री दुरावण्याची कारणे म्हणून त्यांत गैरसमज, अंतर आणि वेळेचा अभाव यांची चर्चा होती. मी मात्र निवृत्तीपर्यंत पतसंस्थेत कर्जवसुलीचे काम केले असून, ज्या कारणाने सर्वाधिक मित्र एकमेकांना पारखे होताना पाहिले, त्या जामीनकीचा उल्लेख मला कुठेच आढळला नाही.

तालुक्याच्या गावी जामीनदार म्हणून भावापेक्षा मित्रच आधी आठवतो, कारण भावाशी वाटणीचा हिशेब बहुधा आधीच अडकलेला असतो. मित्र भर कामाच्या वेळी फॉर्म घेऊन येतो, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात, ‘नुसती सही पाहिजे, हप्ते मीच भरणार’ असे तो सांगतो आणि त्या क्षणी ते मनापासून सांगतो. (चष्मा नेमका घरी राहिलेला असतो, हे ओघाने आलेच.) भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. थकबाकी वाढली की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो आणि ज्याचा पगार हमखास, त्याच्याकडे वसुली आधी वळते. दोन जामीनदार असतील तर त्यांनी आपसात भार सारखा सोसावा, असे करार अधिनियमाचेच कलम १४६ सांगते. व्यवहारात मात्र शिक्षक जामीनदाराचा पगार कापला जातो, शेतकरी जामीनदार मोकळा राहतो आणि कर्जदाराशी बिनसण्याआधी या दोघांचेच बोलणे बंद होते.

तरीही निव्वळ पैसे गेले म्हणून तुटलेली मैत्री मला क्वचितच दिसली. नोटीस हातात घेऊन माझ्यासमोर बसलेले जामीनदार रकमेपेक्षा वेगळ्याच गोष्टीने दुखावलेले असत. ‘परवा लग्नात माझ्या शेजारी बसून जेवला, पण हप्ते थकलेत हे बोलला नाही,’ असे एकाने सांगितले होते. याउलट, धंदा बसू लागताच एक कर्जदार पासबुक घेऊन थेट जामीनदाराच्या घरी गेला. दोघे मिळून संस्थेत आले, हप्ते लहान करून मागितले आणि मधले काही हप्ते जामीनदाराने स्वतःच्या खिशातून भरले. त्या दोघांचे येणे-जाणे पुढे वाढलेच. लाजेपोटी तोंड चुकवणारा मित्र बहुतेकदा लबाड नसतो, हे मी अनुभवाने म्हणतो; परंतु ज्याचा पगार कापला जातो त्याने ते समजून घ्यावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

सही करण्यापूर्वी नाही म्हणणाऱ्यांबद्दल आपल्याकडे फार वाईट बोलले जाते, तेही मला पटत नाही. भीड भिकेची बहीण असे आपण म्हणतो आणि नेमके मित्रापुढे ते विसरतो. ‘सही मागू नकोस, पण माझ्याकडचे वीस हजार घेऊन जा, जमेल तेव्हा दे’ असे स्पष्ट सांगणारा माणूस मित्राला दुखावतो खरा, पण ती नाराजी फार काळ टिकत नाही.

संस्थांना माझी सूचना एवढीच आहे की, कर्जदाराचा हप्ता चुकल्याचा संदेश त्याच दिवशी जामीनदारालाही पाठवावा. आज अनेक ठिकाणी प्रकरण कलम १०१ च्या दाखल्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याला काहीच कळवले जात नाही. एक हप्ता थकला असताना मित्राला जाब विचारणे सोपे असते. व्याज-दंडासह रक्कम फुगल्यावर दोघांनाही बोलणे जड जाते. या संदेशाचा खर्च नगण्य आहे आणि वसुली लवकर झाल्यास लाभ संस्थेचाच आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायच्या असून जामीनदार बहुतेक ठिकाणी स्वतः सभासद असतोच. तेव्हा जामीनदारांनी हा विषय लेखी देऊन सभेपुढे ठेवावा आणि कर्ज-अर्जातच जामीनदाराच्या मोबाइल क्रमांकावर थकबाकी कळवण्याची अट घालून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी, सांगली जिल्हा