आठ टिपांच्या पिपेटबद्दल आभार

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मॅडम, प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आता तुमच्या बेंचवर (प्रयोगाच्या टेबलावर) चालू आहे. डिझायनर, प्रोग्रॅमर, व्हॅलिडेशनवाले (सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालतं का ते तपासणारे) असे बरेच हात तिला लागले, पण तिला वळण मिळालं ते तुमच्यामुळे. पत्र जाहीर अशासाठी, की असं काम दुसऱ्या कुणी हाती घेतलं तर तुमची टिपणं त्यांनाही वापरता यावीत.

सगळ्यात मोठे आभार आठ टिपांच्या मल्टिचॅनल पिपेटचे, म्हणजे आठ टोकांतून एकदम द्रव मोजून सोडणाऱ्या उपकरणाचे. ९६ वेलच्या (नमुने भरायच्या छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये ए ते एच अशा ८ ओळी आणि १२ रकाने असतात. तुमचं पिपेट एका दमात एक उभा रकाना भरतं: ए१, बी१, सी१, थेट एच१ पर्यंत. जुना फॉर्म मात्र टॅब दाबला की आडवा पळायचा, ए१ वरून ए२ वर. नमुना क्रमांक २ प्लेटमध्ये बी१ मध्ये आणि संगणकात ए२ मध्ये. हिशेब मांडला की गंमत कळते: उभी भरलेली आणि आडवी नोंदलेली प्लेट ९६ पैकी फक्त २ ठिकाणी जुळते, ए१ आणि एच१२. म्हणजे पहिला वेल आणि शेवटचा वेल. घाईत पडताळणी करणारा माणूस नेमके हेच दोन बघतो आणि ‘बरोबर आहे’ म्हणून पुढे जातो! या घोळाला इतकी वर्षं ‘ऑपरेटरची चूक’ म्हटलं जात होतं. ही चूक ऑपरेटरची नाही, टॅबच्या दिशेची आहे, हे तुम्ही प्लेट स्क्रीनशेजारी धरून दाखवलंत. आता भरायची दिशा प्लेट उघडतानाच निवडावी लागते, बाण प्लेटच्या चित्रावर सतत दिसतो आणि पडताळणीसाठी सॉफ्टवेअर मधलेच वेल विचारतं, कोपऱ्यातले नाही.

समाधान मोजणाऱ्या प्रश्नावलीत हे कधीच सापडलं नसतं. एसयूएसच्या (सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं वाटतं हे विचारणाऱ्या प्रश्नावलीच्या) १० प्रश्नांना छान गुण देणारा माणूसही प्लेट उलटसुलट नोंदवू शकतो, कारण त्याला काही अडतच नाही. ही पद्धत वाईट नाही, पण बेंचशेजारी उभं राहून बघण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरे आभार बारकोडच्या तक्रारीबद्दल. स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो आणि कोड वाचून झाला की बहुधा शेवटी एंटर पाठवतो. वेब फॉर्ममध्ये एंटर म्हणजे सबमिट, म्हणून पहिली नळी स्कॅन होताच अर्धवट नोंद जतन व्हायची. आता एंटर आला की कर्सर पुढच्या चौकटीत जातो, आणि जतन करायचं बटण मुद्दाम दाबावं लागतं. त्यातच तुमचा तो बारीक शेरा: कीबोर्डची भाषा बदललेली राहिली तर स्कॅनर भलतीच अक्षरं टाकतो. म्हणून कोडचा साचा जागच्या जागी तपासला जातो आणि न जुळणारा कोड आवाज करून थांबवला जातो. आवाज हवाच, कारण त्या वेळी डोळे नळीवर असतात.

इन्क्युबेशन (नमुने ठरावीक तापमानात ठेवून देणं) ३० मिनिटांचं आणि लॉगआउट १५ मिनिटांनी, हे गणित तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. सुरक्षेसाठी कुलूप लागावं, पण टाइप केलेलं पुसलं जाऊ नये. आता स्क्रीन लॉक होते आणि मसुदा शाबूत राहतो. मध्येच दुसऱ्या कुणी लॉगइन केलं तरी मसुदा पहिल्याच्याच नावावर राहतो. कुणी काय नोंदवलं हे नंतर शोधायची वेळ येते, तेव्हा ही खबरदारी कामाला येते.

रिकाम्या चौकटीवरून तुम्ही भांडलात, तेही बरंच झालं. मोजलंच नाही, शोधमर्यादेच्या (उपकरणाला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या) खाली आलं आणि खरंच शून्य आलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘०.०५ पेक्षा कमी’ असलेलं मूल्य एक्सपोर्टमध्ये ० झालं की सरासरी गुपचूप खाली येते. आता तिन्हींच्या खुणा वेगळ्या, एक्सपोर्टमध्येसुद्धा. (स्प्रेडशीट काय काय करते हे जनुकांच्या नावांना विचारावं. मार्च१ या जनुकाच्या नावाची तारीख व्हायची, म्हणून २०२० मध्ये अधिकृत नावच मार्चएफ१ करावं लागलं.)

बाकीचं थोडक्यात. नायट्राइलचे दुहेरी ग्लोव्हज घातले की बोट जाड होतं आणि स्पर्श अचूक राहत नाही, म्हणून बटणं मोठी केली, आणि ‘रद्द’ व ‘मंजूर’ एकमेकांपासून लांब नेले. प्लेटचा लाल-हिरवा नकाशा काढून टाकला, आता रंगाबरोबर आकडाही दिसतो. ए१ नंतर ए१० येणारी अक्षरक्रमाची यादी गेली, ए२ जागेवर आला.

एका बाबतीत तुमचं आणि आमचं अजून जमत नाही. नोंद बदलण्याचं कारण फॉर्ममध्ये आधीच निवडून ठेवावं, वेळ वाचेल, असं तुम्ही म्हणता. ते आम्ही केलेलं नाही. पहिला पर्याय आधीच निवडलेला असला की सगळी कारणं ‘टायपिंगची चूक’ होतात आणि ऑडिट ट्रेलला (कुणी, कधी, काय बदललं याच्या नोंदीला) अर्थ उरत नाही. अमेरिकेच्या १९९७ च्या २१ सीएफआर भाग ११ या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नियमानुसार जुनी नोंद झाकली जाऊ नये, एवढं तर पाळावंच लागतं. पण जुनी नोंद दिसते आणि ती का बदलली हे कळत नाही, असं झालं तर तपासणारा पुन्हा तुमच्याच दारात येणार. टंकणं कमी व्हावं म्हणून नेहमीची कारणं सोपी करून देता येतील, यादी मात्र तुम्हीच द्या.

कळावे, लोभ असावा.

नव्या आवृत्तीवर काम करणारी मंडळी

ता. क. : ३८४ वेलच्या प्लेटची स्क्रीन तयार आहे. तिथे वेलमधलं अंतर ९ मिमीवरून ४.५ मिमीवर येतं, म्हणजे तुमचं आठ टिपांचं पिपेट एकेक वेल सोडून भरणार: ए१, सी१, ई१. बाणही तसाच उडी मारत जायला हवा. एक रकाना भरून बघा आणि कुठे चुकतं ते कळवा.