काका, सहा वर्षांच्या पोराला तुम्ही वाचवलंत

प्रिय काका,
शालोम आणि साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘पुरे गं’ म्हणून जेवणाचं विचारता. म्हणून हे उघड पत्र. इथे तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही.

इथे इंग्लंडमध्ये, एक्सेटरला, माझ्या शेजारणीच्या घरात एक ऐकीव गोष्ट होती, की तिच्या आजोळची कुणी बाई इथल्या जुन्या ज्यू इझिकेल घराण्यातली. ‘जरा शोधून दे’ म्हणाली आणि मी हो म्हणून बसले. स्वतःच्या पणजीचं माहेर मला सांगता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

सुरुवातीलाच अडले. इथे जुनं घराणं शोधायचं म्हणजे चर्चच्या नोंदवह्या, बाप्तिस्मा, लग्न, दफन. ज्यू माणूस त्यात येणार कुठून? सरकारी जन्म-मृत्यू नोंद सुरू झाली १८३७ साली. एक्सेटरच्या प्रोबेट कचेरीतली जुनी मृत्युपत्रं मे १९४२च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. हाती उरलं काय, तर भाडेपट्टे, जुनी वर्तमानपत्रं आणि १७५७ सालापासूनच्या ज्यू दफनभूमीतल्या झिजलेल्या शिळा.

त्यातून मी मोठ्या अभिमानाने एक वंशवृक्ष काढून तुम्हाला इस्रायलला, लोदला पाठवला. दहा मिनिटांत तुमचा फोन आला. हसू आवरत नव्हतं तुम्हाला. ‘अगं, तुझ्या हिशेबाने सहा वर्षांच्या पोराने सिनेगॉगची जागा घेतली!’

खरंच तसं झालं होतं. एक्सेटरच्या सेंट मेरी आर्चेस भागातल्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराची, जागा १७६३ साली भाडेपट्ट्याने घेणाऱ्यांत अब्राहम इझिकेल होते. छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर व्यक्तिचित्रं कोरणारा, चित्रकार जॉन ऑपीच्या चित्रांवरून काम केलेला इझिकेल अब्राहम इझिकेल १७५७ साली जन्मला आणि १८०६ साली वारला. मला ती एकाच माणसाची उलटसुलट लिहिलेली नावं वाटली आणि मी बाप-लेकाचा एकच माणूस करून टाकला.

तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘आधी आडनाव विसर. आम्ही कोकणातले ज्यू काय करायचो?’ आणि समजावलंत. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजाचं. रोहेकर, पेणकर ही गावावरून आलेली आडनावं, पण शिळेवर माणूस ओळखायचा तो बापाच्या नावाने. त्या कोरक्याचं नावही तसंच उलगडलं: इझिकेल, अब्राहमचा मुलगा, आणि नावावरून पाहता आणखी एका इझिकेलचा नातू. आजोबांचं नाव नातवाला. हे कळायला मला इंग्लंडमधून लोदला फोन लावावा लागला! माझ्या भावाचं नाव आजोबांचंच आहे हो.

मग शिळा. मी ओल्या गवतात गुडघे टेकून, कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने बॅटरी धरून फोटो काढायचे आणि तुम्ही तिकडे भिंग घेऊन बसायचात. कोरलेले दोन पंजे म्हणजे कोहेन, पुरोहितांच्या कुळातला; पाण्याची सुरई म्हणजे लेवी, त्यांच्या मदतनीसांच्या कुळातला. साल अक्षरांत, तेही पाच हजार गाळून; उरलेल्या आकड्यात १२४० मिळवायचे. तरी तुम्ही दर वेळी महिना विचारायचात, कारण हिब्रू वर्ष शरदात बदलतं आणि तिश्रीतलं, म्हणजे वर्षाच्या पहिल्या महिन्यातलं, मरण हिशेबापेक्षा एक वर्ष आधीच्या इंग्रजी सालात येतं. माझी दोन सालं त्यामुळेच दुरुस्त झाली. शुक्रवारी मात्र दिवस कलला की शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो म्हणून तुम्ही शिळा अर्धी सोडून फोन ठेवायचात, आणि मी इथे रविवारपर्यंत तळमळत.

शेजारणीची साखळी जुळली का? नाही. मधल्या दोन कड्या नाहीत. मी त्या ओढून-ताणून जोडायला निघाले होते, तर तुम्ही चक्क रागावलात. ‘नाही तिथे रेघ ओढू नकोस, रिकामी जागा ठेव.’ तो तक्ता तिने रिकाम्या जागेसकट भिंतीवर लावलाय. मला तो आवडतो.

डिसेंबरात मी अलिबागला येतेय. रेवदंड्याच्या दफनभूमीत तुमच्या आजोबांची शिळा आहे म्हणाला होतात, तिचा फोटो काढून पाठवते. तिथे हिब्रूखाली मराठीही असतं, म्हणजे या खेपेला वाचून मी दाखवीन. फक्त नाव पूर्ण कळवा, त्यांच्या वडिलांच्या नावासकट.

तुमची,
एक्सेटरची पोर