चाळीतली जमीन मोजून पाठवा

लंडन, २२ नोव्हेंबर

प्रिय आई, बाबा,

आजीला आधी माझा नमस्कार सांगा. गोडा मसाला आणि भाजणी नीट पोहोचली, पुडी कुठे फुटली नाही. फोनवर आपण रोज बोलतोच, पण मध्ये कुकरची शिट्टी होते, बाबा बातम्या लावतात, आणि सांगायचं राहून जातं. शिवाय आई, मला तुमच्याकडून एक काम करून हवं आहे. ते कागदावर लिहिलेलं बरं.

गेले सहा महिने ऑफिसात मी एकाच कामावर आहे: एका नृत्य कंपनीच्या नव्या इमारतीचा आराखडा. त्यांचं कार्यालय, तालमीचे चार हॉल, कपडेपट, फिजिओची खोली, सगळं एका छपराखाली. सध्या ती मंडळी एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये भाड्याने आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला खाली कपडेपटात बसवलं होतं. वर तालीम चालू होती. शिवणाऱ्या बाईंसमोर टाचण्यांची पत्र्याची बशी होती. वर सगळे एकदम उडी मारून उतरले की टाचण्या खुळखुळायच्या आणि बाई शिवणावरची नजर न हलवता बशीवर हात ठेवायच्या.

मला तिथल्या तिथे गिरगाव आठवलं. आई, तू मामाच्या चाळीत लाकडी जमिनीवर कथकच्या रियाझाला उभी राहिलीस की मांडणीतली पितळी ताटं अशीच वाजायची आणि मामी येता-जाता त्यांच्यावर हात ठेवायची. खालच्या मजल्यावरचे काका झाडूच्या दांड्याने वर ठोकायचे ते वेगळंच.

मग आपण मुलुंडला आलो. घरी मोझॅक, आणि क्लास शाळेच्या हॉलमध्ये, शहाबादी फरशीवर. दोन वर्षांत तुझे गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. तू छत्तीस वर्षांची होतीस, आई! तू तेव्हा जे म्हणालीस ते मी इथे मीटिंगमध्ये सांगितलं: गिरगावात जमीन पाय झेलायची, इथली उलटी मारते. नाचासाठी इमारत बांधायची तर सुरुवात याच वाक्यापासून करायला हवी, असं मला मनापासून वाटतं. दर्शनी भाग, लॉबी, कॅफे यांवर बोलायला सगळे उत्सुक असतात. जमिनीवर बोलायची वेळ आली की घड्याळ बघतात.

इथे तालमीच्या हॉलला जी जमीन करतात तिला स्प्रंग फ्लोअर म्हणतात. आत स्प्रिंगा असतातच असं नाही. आम्ही करतोय त्यात काँक्रीटवर रबराचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्यांचा एक थर, त्यावर आडवा दुसरा. खालच्या थराला जिथे आधार आहे नेमका तिथे वरच्याला ठेवायचा नाही, म्हणजे चटईसारखी वीण होते. वर प्लायवूड. पाय पडला की पट्टी किंचित वाकते आणि धक्का तिच्यात जिरतो. युरोपात खेळाच्या हॉलच्या जमिनींसाठी मानक आहे, की काँक्रीटच्या मानाने धक्का किमान २५ टक्के कमी झाला पाहिजे, पण ७५ टक्क्यांहून जास्त नको. फार मऊ जमीनही वाईटच. घोटा मुरगळतो, आणि वाळूत चालल्यासारखे पाय भरून येतात.

बाबा, आता तुमच्या आवडीचा भाग. सगळ्यात मोठा हॉल रंगमंचाएवढा लागतो, साधारण १५ मीटर बाय १५, मध्ये एकही खांब नाही. वर उचलून घेण्याच्या हालचाली असतात, म्हणून उंची आम्ही ५ मीटर धरली आहे. खांब नको म्हणून हा हॉल सर्वांत वरच्या मजल्यावर गेला. वर फक्त छप्पर पेलायचं असतं. पण मग नाचणारे वर आणि टाचण्यांची बशी खाली, हे आलंच. माणसं तालावर उड्या मारतात त्या सेकंदाला दोन-तीन. पाळण्याला वेळेवर हलके झोके दिले की तो वाढतच जातो, तसं स्लॅबचं होऊ शकतं. स्लॅबची स्वतःची लय उडीच्या लयीपासून, तिच्या दुपटी-तिपटीपासूनसुद्धा, लांब ठेवावी लागते. जुन्या ब्रिटिश मानकात यासाठी सेकंदाला ८.४ कंपनं हा आकडा आहे, आणि आमच्या इंजिनिअरबाई अजून त्याच्या वर राहायचा आग्रह धरतात. म्हणजे खालचा स्लॅब चांगला ताठ, आणि त्याच्यावरची लाकडी जमीन लवचीक. हे दोन्ही एकाच मजल्यात बसवताना आमच्या नाकी नऊ आले. शेवटी तुळयांची उभी जाडी वाढवली आणि त्यापायी कार्यालयाच्या छताची उंची गेली. गेली तर गेली. टेबलाशी बसून काम करणाऱ्यांना ५ मीटर कशाला हवेत?

काचेवरून मात्र माझं ऑफिसात चांगलंच वाजलं. रस्त्यावरून तालीम दिसावी म्हणून अख्खी भिंत काचेची करू, असं बहुतेकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. तालीम ही चुकायची जागा आहे. तू नव्या मुलींना पहिले तीन महिने कुणासमोर उभं करत नाहीस, ते याचसाठी ना? इथे लंडनमध्येच डेप्टफर्डला लाबान नावाची नृत्यशाळा आहे, हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस आर्किटेक्टांनी केलेली. २००३ साली तिला इथलं वास्तुकलेचं स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. तिच्या भिंतींना बाहेरून पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे रंगीत, अर्धपारदर्शक पत्रे आहेत. संध्याकाळी आत दिवे लागले की नाचणाऱ्यांच्या नुसत्या सावल्या दिसतात. चेहरा नाही, चूक नाही, फक्त हालचाल. मी त्या फुटपाथवर थंडीत अर्धा तास उभी होते. आमच्याकडे आता रस्त्याच्या बाजूने डोक्याच्या उंचीपर्यंत दुधी काच आणि वर साधी, असं ठरलंय. आरसे खिडक्यांसमोर येणार नाहीत, नाहीतर सकाळभर डोळ्यांवर तिरीप.

हे सगळं काढताना मुंबई सारखी मनात येते. जुहूला नृत्यांगना कनक रेळ्यांनी नालंदा हे नृत्यविद्यालय उभं केलं. अशी नाचाची स्वतःची वास्तू आपल्याकडे किती जणांच्या वाट्याला येते? तुझा क्लास तीस वर्षं दुसऱ्याच्या हॉलमध्ये. परीक्षा आल्या की बंद, निवडणूक आली की बंद, आणि कपाटात तबला ठेवायची परवानगीसुद्धा दर जूनला नव्याने मागायची.

आता माझं काम. कंपनीच्या चार हॉलपैकी सर्वांत लहान हॉल संध्याकाळी बाहेरच्या वर्गांसाठी आहे, त्यात कथकचाही वर्ग असेल. इथे कथक आता पाहुणं नाही. तारा राजकुमार यांनी अकादमी ही भारतीय नृत्याची संस्था १९७९ मध्ये लंडनमध्येच काढली. प्रताप पवार यांच्याकडे शिकलेल्या अक्रम खानने तर जगभर कार्यक्रम केले आहेत. पण चारही हॉलमध्ये वर व्हिनाईलचा थर अंथरायचं ठरत होतं. अनवाणी आणि मऊ बुटांनी नाचणाऱ्यांना तो सोयीचा, पण त्याच्यावर तत्काराचे, पायांनी वाजवायचे बोल मुके होतात. मी माझे घुंगरू नेऊन नमुन्याच्या तुकड्यावर पाय मारून दाखवले. घुंगरू ऐकू आले, पाय ऐकू आला नाही. मग मी म्हटलं, या एका हॉलला उघडं लाकूडच ठेवा. घुंगरांचे चरे पडतील, पडू देत, काही वर्षांनी घासून काढता येतात. आमचे मुख्य आर्किटेक्ट ऐकून घेतात, पण त्यांना आकडे लागतात. झेलणारी आणि बोलणारी अशी एकच जमीन असू शकते हे दाखव, म्हणाले.

अशी जमीन मी पाहिली आहे. मामाच्या खोलीत.

मामाची चाळ जानेवारीत रिकामी करायची आहे, म्हणून घाई. बाबा, तुम्ही टेप घेऊन जा. खालच्या काकांच्या खोलीत वर पाहिलं की सागवानी तुळया उघड्याच दिसतात. एका तुळईची उंची आणि रुंदी, दोन तुळयांमधलं अंतर, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतची लांबी, एवढं हवं. इंचात चालेल. फळीची जाडी जिन्याच्या तोंडाशी मोजता येईल, तिथे कड उघडी आहे. फळ्यांवर मामीने नंतर काही घातलंय का, तेही विचारा. आणि कुठे वाळवी किंवा टेकू दिसला तर तोही लिहा, कारण मग आवाज बदलतो.

आई, तू मामाकडे तीनतालाचा तत्कार रेकॉर्ड कर. ठाय, दुगुण, चौगुण अशा तिन्ही लयींत, प्रत्येकी दोन आवर्तनं. आधी नुसत्या पायांनी, मग घुंगरू बांधून. फोन जमिनीवर ठेवू नकोस, स्टुलावर ठेव, तीन-चार फुटांवर. पंखा बंद. हेच सगळं शाळेच्या शहाबादीवरही करायचं आहे, पण तिथे तू स्वतः उभी राहायचं नाहीस. मोठ्या मुलींपैकी एकीला मामाकडेही घेऊन जा आणि दोन्हीकडे तिचेच पाय घे, म्हणजे तुलना नीट होईल. मामाकडे तुझे पाय मला वेगळे हवे आहेत. ते आर्किटेक्टांसाठी नाहीत, माझ्यासाठी. गुडघ्याला पट्टा बांध.

काकांना आधी सांगून ठेवा. त्यांना चालणार असेल तर खाली कसं ऐकू येतं तेही त्यांच्या खोलीतून घ्या. ते वर ठोकायला लागले तर तेसुद्धा रेकॉर्ड होऊ दे.

१० डिसेंबरच्या आत मिळालं तर त्या आठवड्याच्या मीटिंगला मला वाजवून दाखवता येईल.

आजीच्या बीपीच्या गोळ्या बदलल्या का ते कळवा.

तुमची लेक